हे मशीनवर होत नाही का?

मी क्रोशाच्या, म्हणजे टोकाला आकडी असलेल्या एकाच सुईनं विणलेल्या, बाहुल्या करून विकते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बाहुली हातात घ्यायची, तिचा फ्रॉक वर करून आत काय आहे ते बघायचं, वेणी ओढून बघायची आणि मग म्हणायचं, "छान आहे हो. पण हे मशीनवर होत नाही का?" किंमत ऐकण्याआधी विचारलं तर ते कुतूहल असतं. किंमत ऐकल्यावर विचारलं तर काय असतं, ते तुम्हालाही माहीत आहे. उत्तर दोन्ही वेळा तेच. नाही होत.

स्वेटर होतो. दोन सुयांवरच्या विणकामाची नक्कल करणारं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं १५८९ मध्येच केलं होतं. त्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, म्हणून शंभर टाक्यांना शंभर आकड्या लावल्या की यंत्र सरासर ओळ काढतं. क्रोशात सुईवर बहुतेक वेळ एकच फासा जिवंत असतो. एक टाका घातला की तो तिथेच पुरा होतो, मग पुढचा. आणि त्या पुढच्यासाठी सुई आधीच्या विणीत नेमकी कुठे खुपसायची, ते भोक दर वेळी बोटांनी चाचपून शोधावं लागतं. बाजारात वारावर 'क्रोशा लेस' मिळते ती यंत्रावरचीच, पण ती दिसायला क्रोशासारखी, वीण वेगळी. तेव्हा एखाद्या दुकानात क्रोशाची बाहुली दोनशे रुपयांना दिसली, तर ती मशीनमुळे स्वस्त झालेली नसते. तीही कुणीतरी हातानंच विणलेली असते. विणणारीला त्यातले किती मिळाले असतील, हा हिशेब मी तिथेच उभी राहून करत बसते आणि दुकानदार मला गिऱ्हाईक समजतो.

मला क्रोशा शिकवला आत्यानं. तिच्या काळचं काम म्हणजे दारावरचं तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवर घालायचं झाकण. सगळी शोभा जाळीची. खांब म्हणजे उंच टाका, मग दोन साखळ्या, पुन्हा खांब. मधली भोकं जितकी एकसारखी तितकं कौतुक. बाहुलीत नेमकं उलटं. भोक दिसलं की आतला कापूस डोकावतो. म्हणून सगळा मुका खांब, म्हणजे बुटका, भोक न ठेवणारा टाका, तोही आवळून. लोकरीच्या वेष्टणावर ४ मिलिमीटरची सुई लिहिलेली असते, मी २.५ ची घेते. (लोकर म्हणते खरी, पण त्यात मेंढीचा काही संबंध नाही, सगळं अॅक्रिलिक. शब्द मात्र आपण सोडला नाही.) पहिले दोन महिने मनगट दुखायचं. आत्यानं माझी पहिली बाहुली दाबून बघितली आणि म्हणाली, "अगं, हे विणलंयस की खिळे ठोकलेस?"

या प्रकाराला आता सगळे अमिगुरुमी म्हणतात. शब्द जपानी, 'अमि' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे कापूस भरलेलं खेळणं, त्या दोघांचा जोड. नावाला घाबरायचं कारण नाही, आत गणित दुसरीतलं आहे. डोकं घ्या. सुरुवातीच्या रिंगणात ६ टाके, मग १२, १८, २४, ३०, ३६. दर फेरीला सहा वाढवायचे. मग ३६ च्याच सात फेऱ्या सरळ. मग उतरणीला ३०, २४, १८, १२, आणि ते बाराचं भोक मानेसाठी उघडं ठेवायचं. बेरीज केली तर ४६२ टाके होतात. हात बसला असेल तर तासाच्या आत डोकं तयार. फेऱ्या जोडायच्या नसतात, गोगलगाईसारखं फिरत जायचं असतं, म्हणून फेरी कुठे सुरू झाली ते कळायला पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन लावून ठेवायची. मी डोंबिवलीहून स्लो लोकलनं जायचे तेव्हा लेडीज डब्यात डोकी करायचे. दिव्याला गर्दी आत घुसली की मोजणी हुकायची. त्या काळातल्या माझ्या सगळ्या बाहुल्यांना डोक्यात कुठेतरी एक टाका जास्त आहे.

तर विणणं हे असं. ते बसमध्ये होतं, टीव्हीसमोर होतं, फोनवर नणंदेशी बोलताना होतं. तुम्ही ज्याला वेळ लागतो म्हणता, तो त्यात जात नाही. तो जातो जोडण्यात.

सगळं विणून झालं की ताटात डोकं, धड, दोन हात, दोन पाय आणि दोन कान पडलेले असतात. हे बघून आमच्याकडे आलेला गॅसवाला एकदा दचकला होता. प्रत्येक तुकड्याला जोडायला वीतभर शेपूट सोडलेलं असतं. तेच जाड बोथट सुईत ओवायचं. आधी कापूस. पळीभर गोळा एकदम कोंबला की बाहुलीला गाठी येतात, म्हणून चिमूट चिमूट पिंजून, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कडेपर्यंत सारायचा. साधा कापूस एका धुण्यात गोळा होतो, म्हणून फायबरचा. हाताला खालीच थोडा भरायचा, वर मोकळा, नाहीतर बाहुली दोन्ही हात पसरून कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसते. मान मात्र ठासून. मानेत कापूस कमी पडला की आठ दिवसांत डोकं छातीवर येतं, आणि मग फोन येतो.

हात कुठे लावायचे, हे टाके मोजून ठरवता येईल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. डाव्या हातापासून बारा टाके, तिथे उजवा. पण गोल गोल विणताना प्रत्येक टाका वरच्या फेरीत किंचित एका बाजूला सरकत जातो, म्हणजे आकड्यांत सरळ असलेली रेघ अंगावर तिरकी चढत जाते. मोजून लावलेले हात खांदा उडवल्यासारखे दिसतात. मग टाचण्या. दोन्ही हात टाचून बाहुली टेबलावर उभी करायची, दोन पावलं मागे जाऊन बघायचं, चहा करून यायचं, परत बघायचं. मी चक्क आरशात धरून बघते, कारण समोरून नजरेला सवय झालेली असते आणि आरशात चूक एकदम पकडली जाते.

डोळ्यांचं तर विचारूच नका. डोळा एक फेरी वर गेला की पोर दिसायची ती बाई दिसायला लागते. एक फेरी खाली आणि दोघांत एक टाका जास्त अंतर, की लगेच बाळ. प्लास्टिकचे काळे डोळे मिळतात, मागून चकती दाबायची, ती एकदा बसली की निघत नाही, आणि हे सगळं डोकं बंद होण्याआधी करायचं. म्हणजे चेहरा पुरा व्हायच्या आधी निर्णय घ्यायचा. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी बाहुली हवी असेल तर मी ते डोळे लावतच नाही, काळ्या दोऱ्यानं भरते. चकती कितीही पक्की असली तरी वीण ताणली जाते, आणि लेकरू ओढतंच. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा झाला. हस्तकलेच्या विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. पण सूट आहे म्हणून घशात अडकणारा डोळा काही लहान होत नाही.

केसांचं थोडक्यात सांगते: एकेक धागा ओवून गाठ मारायची, संध्याकाळ जाते.

आता पायांची गोष्ट, कारण मशीनची आठवण मला तिथेच आली होती. एकदा रात्री अकरानंतर पाय शिवायला बसले. बाहुली मांडीवर पालथी, पाय समोर. शिवले, शेपूट आत लपवलं, डब्यात भरली, सकाळी दिली. संध्याकाळी त्या आईचा फोन. अवघडून म्हणाली, "रागावू नका हं, पण माझी मुलगी तिला हात लावत नाहीये. म्हणते, ही हडळ आहे." आधी मला कळेना. मग कळलं. पावलं उलटी शिवली होती. चार वर्षांच्या मुलीला तिच्या आजीनं ओळखण्याची खूण सांगून ठेवली होती आणि तिनं बरोबर ओळखली. शेवटी आई म्हणालीच, "मशीनवर असतं तर असं झालं नसतं, नाही?" मी म्हटलं, "हो, पण मग हडळही झाली नसती." ती हसली नाही.

बाहुली परत आली. मला वाटलं, दहा मिनिटांचं उसवणं. पण दोरा त्याच रंगाचा, आणि गाठ मारून शेपूट पोटातून आरपार नेऊन बुजवायची माझी पद्धत. कुणाला सापडू नये अशी. ती मलाच सापडेना. भिंग घेतलं, खिडकीशी बसले, तरी नाही. शेवटी एक चुकीचा टाका कापला आणि त्यातून पाय, दोरा आणि मूठभर कापूस असं सगळंच बाहेर आलं. पाय पुन्हा विणला, पुन्हा भरला, दिवसाउजेडी शिवला.

द्यायला मी स्वतः गेले. मुलगी दाराआडून बघत होती. मी बाहुली पुढे केली तर चेहऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. खाली वाकून दोन्ही पावलं बोटानं दाबून बघितली, एकदा माझ्याही पावलांकडे बघितलं, आणि मग बाहुली काखेत मारून आत पळाली.