३८४ बाजूंपर्यंत पोचले : पायच्या वहीतली तिसरी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीपर्यंत घरातली भांडी मोजून झाली होती. शिवणाच्या टेपने परीघ घ्यायचा आणि व्यासाने भागायचं, येणारं उत्तर म्हणजे पाय (π). परातीचं उत्तर ३.१५ आलं, वाटीचं ३.१२. वाटीचा व्यास जेमतेम नऊ सेंटिमीटर, तिथे एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी दुसरा दशांश हलतो. टेपने याहून पुढे जाता येणार नाही हे तेव्हाच कळलं, म्हणून या खेपेला नुसता कागद आणि पेन.

त्याआधी बांगड्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण पाय म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने तिथे उमगलं. कासाराकडे २-४, २-६, २-८ अशी मापं असतात. २-६ म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळांश. म्हणजे एक माप वाढलं की व्यास इंचाच्या आठव्या भागाने, ३.१७५ मिलिमीटरने वाढतो. त्याला पायने गुणा: ९.९७. माप एकाने वाढवलं की बांगडीचा घेर जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर वाढतो! आणि हे फक्त बांगडीपुरतं नाही. विहिरीच्या कठड्याचा व्यास तेवढाच वाढवला तर घेरही तेवढाच, एक सेंटिमीटरच वाढेल. वर्तुळ लहान की मोठं याच्याशी पायला काही देणंघेणं नाही. वर्तुळं सगळी एकमेकांशी समरूप असतात. त्यांच्यात आकाराचा फरक नसतो, फक्त मापाचा असतो.

आता मुख्य काम. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) परिघाचे दोन नियम दिले आहेत. व्यासाला २२ ने गुणून ७ ने भागा, हा स्थूल, व्यवहाराला चालणारा. सूक्ष्म हवा असेल तर ‘भनन्दाग्नि’ने गुणा आणि ‘खबाणसूर्य’ने भागा. भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३. उजवीकडून वाचलं की ३९२७. ख शून्य, बाण ५, सूर्य १२, म्हणजे १२५०. भागाकार ३.१४१६. हीच किंमत आर्यभटांनी ४९९ मध्ये २०००० व्यासाला ६२८३२ परीघ अशी दिली होती, आणि तिला ‘आसन्न’ म्हटलं होतं. आसन्न म्हणजे जवळचा. हा एक शब्द मला फार मोलाचा वाटतो.

पण ३९२७ आले कुठून? कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ या लीलावतीचं स्पष्टीकरण करणाऱ्या ग्रंथात वाट दाखवली आहे: व्यास १०० घ्या, वर्तुळाच्या आत १२ बाजूंची आकृती बसवा, मग २४, ४८, ९६, १९२, ३८४. मी त्याच वाटेने गेले, फक्त सुरुवात षटकोनापासून केली. षटकोनाची बाजू त्रिज्येएवढी, ५०. परिमिती ३००. व्यासाच्या तिप्पट तर इथेच झाली, आणि वर्तुळ अजून बाहेरच आहे.

पायरी एकच, पुन्हा पुन्हा. बाजू अर्धी करा. केंद्रापासून त्या बाजूवर लंब टाका, पायथागोरसने त्याची लांबी काढा. ती ५० मधून वजा केली की उरतो ‘शर’, जीवेच्या, म्हणजे आकृतीच्या बाजूच्या, मध्यापासून वर्तुळापर्यंतचं अंतर. अर्ध्या बाजूचा वर्ग अधिक शराचा वर्ग, त्याचं वर्गमूळ म्हणजे नवी बाजू. षटकोनाचा शर ६.६९९, बारा बाजूंची परिमिती ३१०.५८.

पहिल्या वेळी वर्गमुळं तीन दशांशांवर थांबवत होते. ९६ ला ३१४.११२ आले आणि खूप आनंद झाला. १९२ ला पुन्हा ३१४.११२. ३८४ लाही ३१४.११२. बाजू चौपट झाल्या आणि परिमिती जागची हललीच नाही! एक अख्खी संध्याकाळ चूक शोधण्यात गेली. गुणाकार सगळे बरोबर होते. चूक शरात होती. ९६ वरून १९२ ला जाताना शर उरतो ०.०२७, त्याचा वर्ग ०.०००७२९. तीन दशांशांच्या वर्गमुळात त्याचा मागमूसही राहत नाही, मग नवी बाजू म्हणजे जुनीची नुसती अर्धी, आणि परिमिती होती तीच. परिमितीची सगळी वाढ त्या इवल्याशा शरातून येते, आणि मी नेमका तोच टाकून देत होते.

दुसऱ्यांदा आठ दशांश धरले. चार रविवार लागले. ९६ ला ३१४.१०३२, १९२ ला ३१४.१४५२, ३८४ ला ३१४.१५५८. नुसत्या हाताने वर्गमुळं काढून हे आकडे एकाखाली एक उतरले, तेव्हा वही बराच वेळ मिटवली नाही.

आता एक गोष्ट बघा. शेवटच्या दोन वाढी ०.०४२० आणि ०.०१०५. दर वेळी वाढ चौथाईवर येते. पुढेही अशीच चौथाई चौथाई होत गेली, तर उरलेल्या सगळ्या वाढींची बेरीज शेवटच्या वाढीच्या एक तृतीयांश भरते, म्हणजे ०.००३५. ती ३१४.१५५८ मध्ये मिळवा: ३१४.१५९३. खरा परीघ ३१४.१५९२६… आहे. एकही नवं वर्गमूळ न काढता दोन घरं जास्त मिळाली. तुमच्यापैकी जे कोणी ९६ वर थांबले आहेत, त्यांनी ४८ आणि ९६ घेऊन हे जरूर करून बघा.

आतल्या आकृतीची एक उणीव राहतेच: ती परिघापेक्षा नेहमी लहान, पण किती लहान ते तिला सांगता येत नाही. त्यासाठी बाहेरची आकृती हवी. आर्किमिडीजने ९६ बाजू आतून आणि बाहेरून घेऊन पायला ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्यामध्ये धरलं होतं. बाहेरचा षटकोन काल झाला, ३४६.४१०. आज सकाळी बारा बाजूंचा, ३२१.५३९.