तुम्ही विचारलंत म्हणून: "हाई चित्र खरं शे का?"

शिवजयंती जवळ आली की धुळ्या-जळगावकडून हा प्रश्न येतोच. बॅनरवरचं, शाळेच्या भिंतीवरचं, कॅलेंडरवरचं राज्याभिषेकाचं चित्र पुढे धरायचं आणि विचारायचं, "हाई चित्र खरं शे का?" नाही म्हटलं की माणूस दुखावतो. हो म्हणवत नाही. म्हणून आता एकदा सगळं सांगतो.

मुळात ते चित्र राज्याभिषेकाचं नाही. अभिषेक म्हणजे डोक्यावर पाणी ओतणं. ते बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. जळगावहून फर्दापूर गाठलं की अजिंठा. पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकात राजा चौरंगावर बसला आहे आणि सेवक त्याच्या अंगावर घड्यांनी पाणी ओतताहेत. सतराव्या लेण्यात सिंहलाचा अभिषेक आहे. दोन्ही गोष्टी कथेतल्या, तरी चौरंग केवढा, घडा कसा धरायचा, ओतणारा कुठे उभा राहतो, हे रंगवणाऱ्याला माहीत होतं. कॅलेंडरवर पाण्याचा थेंब नाही. छत्र आहे, चवऱ्या आहेत, मुजरे आहेत. तो अभिषेकानंतरचा दरबार आहे.

रायगडावर कलश होतेच. चिटणीस बखरीत त्यांची मांडणी दिली आहे: पूर्वेला मोरोपंत, हाती तुपाने भरलेला सोन्याचा कलश; दक्षिणेला हंबीरराव, दुधाचा चांदीचा; पश्चिमेला रामचंद्र नीलकंठ, दह्याचा तांब्याचा; उत्तरेला रघुनाथपंत, मधाचा सोन्याचा. चित्रकाराला याहून तयार मांडणी कुठे मिळणार? पण ही बखर 19व्या शतकाच्या सुरुवातीची, घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. जपूनच वापरायची.

आता वेळ बघा, कारण सगळी गफलत तिथे आहे. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्यातली तिथीवार नोंदवही, म्हणते, शके 1596, ज्येष्ठ शुद्ध 12, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली असताना राजे सिंहासनी बसले. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून शकावलीत शुक्रवार, आणि इंग्रजी तारखेने शनिवार 6 जून 1674. घटिका 24 मिनिटांची. म्हणजे उजाडायला सव्वा तासाच्या आसपास अवकाश होता. महाराज सिंहासनावर बसले ते अंधारात, दिव्यांच्या उजेडात. चित्रात मात्र लख्ख ऊन असतं.

उजेडातला साक्षीदार आहे हेन्री ऑक्झिंडेन, इंग्रजांचा वकील. तो सकाळी सात-आठच्या सुमाराला दरबारात गेला. त्याची नोंद समोर ठेवून चित्रातली माणसं मोजा. सिंहासनाखालच्या पायरीवर बसलेले तिघेच: संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण. बाकी सगळे, सेनेचे अधिकारीसुद्धा, अदबीने उभे. ऑक्झिंडेनने लांबून वंदन केलं, दुभाषा नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, मग महाराजांनी त्याला जवळ बोलावून वस्त्रं दिली. परतताना त्याने सिंहासनाच्या दोन्ही बाजू न्याहाळल्या. उजवीकडे मोठ्या दातांच्या दोन सोनेरी मत्स्यांची मुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू. बाहेर दारापाशी दोन लहान हत्ती. एवढ्या अवघड वाटेने ते वर चढवले कसे, हे त्याला कळेना. बहुतेक चित्रांत वाकलेला इंग्रज असतो, नारायण शेणवी नसतो, तराजूही नसतो. त्या वाकण्यावर फार भिस्त ठेवू नका. तह झाला, आणि पुढच्याच वर्षी, 1675 मध्ये, मराठ्यांनी आपल्या धरणगावची इंग्रजांची वखार लुटली.

आणखी दोन खुणा. सिंहासन पूर्वाभिमुख, समोर नगारखाना. म्हणजे सकाळचं ऊन पडलंच तर महाराजांच्या तोंडावर पडेल आणि सावल्या सिंहासनामागे जातील. तेही ऊन पडलं असेल तर, कारण 6 जून ही ज्युलियन तारीख आहे. आजच्या पंचांगाने तो दिवस 16 जून, आणि कोकणात तोवर पाऊस लागलेला असतो. दुसरी खूण पागोट्याची. गोवळकोंड्याच्या कलमातली, म्हणजे तिथल्या चित्रशैलीतली, महाराजांची त्याच शतकातली चित्रं उपलब्ध आहेत. त्यांतलं पागोटं, जामा, पटका बघा आणि मग कॅलेंडरवरच्या पेशवाई पगड्या बघा.

इतकं सांगून मी पूर्वी म्हणायचो, "चित्र हा पुरावाच नव्हे." तेव्हा माझ्याजवळ नेपोलियनचं उदाहरण तयार असे. 2 डिसेंबर 1804 चा त्याचा राज्याभिषेक चित्रकार दाविदने स्वतः पाहिला, मग जवळजवळ दहा मीटर रुंद चित्र रंगवलं आणि मधल्या सज्जात नेपोलियनची आई लेतित्सिया बसवली. ती त्या दिवशी रोममध्ये होती. पोपचा हात आधी मांडीवर होता, नेपोलियनच्या सांगण्यावरून तो आशीर्वादासाठी उचलला गेला. डोळ्यांनी पाहणाराच असं करतो, तर अडीचशे वर्षांनंतरच्या चित्रकाराचं काय घ्यायचं?

पण जिजाऊंपाशी माझा हा युक्तिवाद अडतो. लेतित्सिया तिथे नसताना चित्रात आली. जिजाऊंनी सोहळा पाहिला, आणि ऑक्झिंडेनच्या दरबाराच्या नोंदीत त्या नाहीत. 17 जूनला पाचाडला त्यांचं निधन झालं. आमच्या चित्रकाराने त्यांना सिंहासनाजवळ बसवलं, तर त्याने खोटं काढलं की इंग्रजाकडून सुटलेलं भरून काढलं? नोंद करणारा तरी कुठे सगळं बघतो? त्याला राजापूरच्या वखारीची भरपाई हवी होती, त्याचं लक्ष सोन्याकडे होतं. बखरकार सभासदाने तख्त बत्तीस मणाचं लिहिलं ते 1697 मध्ये, जिंजीला, राजारामांसाठी. तीही शेवटी कुणासाठी तरी लिहिलेली नोंदच. मग रंगवणाऱ्यालाच वेगळा न्याय का लावायचा? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि "पुरावाच नव्हे" हे वाक्यही आता तोंडातून निघत नाही.

तेव्हा चित्र लावा, खुशाल लावा. खाली "राज्याभिषेकानंतरचा दरबार, सकाळ" एवढं लिहा, आणि चित्रकाराचं नाव व साल घालायला विसरू नका. शाळेत लावणार असाल तर शेजारी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या त्या घड्यांचा फोटो लावा. पाणी कुठे आहे, हे पोरं आपसूक विचारतील.