सादळलेलं चालणार नाही

दाढेचा तुकडा पडला तो लाह्यांमुळे. म्हणजे लाह्यांमुळे नाही, गणंगामुळे. मक्याच्या लाह्या फोडल्या की भांड्याच्या तळाशी न फुटलेले, काळपट, हट्टी दाणे उरतात ना, तेच मला जास्त आवडतात. बाकी सगळे लाह्या संपवून उठतात आणि मी भांडं तिरकं करून गणंग वेचत बसते. त्या रात्री एक दाणा माझ्यापेक्षा हट्टी निघाला.

दातांच्या डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “दीड महिना कडक काही खायचं नाही.”

“कडक म्हणजे?”

“आवाज येईल असं काही नाही,” ते म्हणाले. गमतीनं म्हणाले असतील, पण मी ते शब्दशः घेतलं आणि घरी येताना डोळ्यांत पाणी आलं. या वयात खाण्यावरून रडू येणं जरा लाजिरवाणंच.

मग सुरू झालं भात, सूप, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं. चवीला काही वाईट नव्हतं. सूपमध्ये मिरी होती, बटाट्यावर लोणी होतं. तरी तिसऱ्या दिवशी जेवून उठले आणि वाटलं, जेवलेच नाही. पोट भरलेलं होतं. उपाशी होते ते माझे कान.

तोपर्यंत कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की मला तिखट आवडतं, खारट आवडतं, गोड फारसं नाही. ते सगळं खोटं. मला कुरकुरीत आवडतं. खारट कुरकुरीत नसेल तर गोड कुरकुरीत चालतं, दोन्ही नसेल तर बेचव कुरकुरीतही चालतं. कोरडा टोस्ट मी नुसता, काहीही न लावता खाते. लावलं की तो मऊ पडतो.

आपल्या भाषेनं या बाबतीत माझी फार सोय करून ठेवली आहे. कुरकुरीत म्हणजे पातळ, हलकं, एकामागून एक बारीक आवाज करत मोडणारं. खुसखुशीत म्हणजे दात लागताच भुगा होणारं, ज्याचा आवाज ओठांबाहेर पडतच नाही. करकरीत म्हणजे काकडी, सफरचंद, कच्चं गाजर, आणि हो, नव्या नोटाही. कडक म्हणजे कडक, त्याची शिक्षा मी भोगतेच आहे. शत्रुपक्षाकडेही शब्दांची कमी नाही: गिळगिळीत, लिबलिबीत, बुळबुळीत, पचपचीत, वातड. यातला एकही शब्द उच्चारताना तोंड आनंदी राहत नाही, करून बघा.

आणि या सगळ्यांत भयंकर शब्द म्हणजे सादळणं. कोरड्या पदार्थानं हवेतला ओलावा ओढून घेऊन स्वतःचं वाटोळं करून घेणं, एवढं सगळं या एका क्रियापदात मावतं. डबा कोणी उघडा टाकला, असं विचारलं की आमच्याकडे कोणीच उत्तर देत नाही. “हवा लागली असेल,” म्हणतात. हवेनंच येऊन झाकण काढलं जणू.

होतं ते असं. चिप्स, बिस्किटं, लाह्या यांच्या बारीक बारीक भिंती पाणी जवळजवळ संपल्यामुळे काचेसारख्या झालेल्या असतात. त्या वाकत नाहीत, तडकतात. तडकल्या की आवाज. ओलावा आत शिरला की त्याच भिंती आधी वाकतात, आवाज येत नाही, आणि दाताला चामड्यासारखं काहीतरी लागतं. चव तीच, मीठ तेवढंच. तरीही तो पदार्थ मेलेला असतो.

हे माझं खूळ नाही, याला पुरावा आहे, हे मला लेकीनं सांगितलं. ऑक्सफर्डमधले चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झांपिनी यांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स चावायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज मायक्रोफोनमधून त्यांना ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातला वरच्या पट्टीचा भाग वाढवला, की तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि जास्त ताजे वाटत. आवाज दबका केला की शिळे. या कामाला 2008 साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन असेल तर हे बक्षीस देतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

घरीही करून पाहिलं, अर्थात दाढ शाबूत होती तेव्हा. लेकीचे मोठे हेडफोन कानावर, गाणी जोरात, आणि हातात नुकतंच फोडलेलं पाकीट. दुसऱ्याच घासाला मी पाकिटावरची तारीख बघायला लागले. लेक काहीतरी बोलली. हेडफोन काढल्यावर कळलं, ती विचारत होती, “आई, तू खातेस की ऐकतेस?”

या एका आवाजापायी माझ्या स्वयंपाकघराला काही सवयी लागल्या आहेत. पाहुण्यांना त्या विचित्र वाटतात. टोस्ट झाले की मी ते ताटलीत आडवे ठेवत नाही, दोन-दोन एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करते. आडव्या टोस्टची वाफ खालच्या बाजूला अडकते आणि दोन मिनिटांत तळ ओला होतो. तळलेल्या कशावरही, कितीही माश्या असोत, झाकण ठेवायचं नाही, जाळी ठेवायची. भाजलेले शेंगदाणे गार होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. गरम दाणा मऊच लागतो, मग लोकांना वाटतं कच्चा राहिला आणि ते परत भाजायला घेतात, आणि गार झाल्यावर तो जळकट निघतो. दाण्यांनी कुरकुरीत व्हावं असं वाटत असेल तर आधी त्यांना गार होऊ द्यावं लागतं. घरात हे पटलेली मी एकटीच.

तव्यावर बटाट्याच्या काचऱ्या परतताना तर मी अगदी छळवादी होते. काचऱ्या एका थरात, सुट्या सुट्या. नवऱ्याचं म्हणणं, दोनदा करण्यापेक्षा एकदाच ढीग घालावा आणि झाकण ठेवून मोकळं व्हावं. पण ढीग घातला की बटाट्याचं पाणी सुटतं आणि पाणी आहे तोवर तिथली उष्णता 100 अंशांच्या वर जात नाही. बटाटा शिजतो, लाल होत नाही. तो खमंग तांबूस रंग यायला पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण 140 अंशांपुढे जावा लागतो. मग बटाट्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी भिडतात आणि रंग, वास, कड सगळं एकदम येतं. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली या क्रियेचं पहिलं वर्णन केलं. झाकण ठेवणाऱ्यांचं त्यानं काय वर्णन केलं असतं, याचा मी कधी कधी विचार करते.

बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, हेही मी सगळ्यांना सांगत फिरते. थंडीत त्यांच्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. मग तळताना ते आतून शिजायच्या आधीच काळे पडतात, वर चवीला गुळमट. शिवाय साखर जास्त, तापमान जास्त, अशा वेळी अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको ते रसायनही जास्त तयार होतं. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते असतं हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 साली उजेडात आणलं. म्हणून मी लाल करते, काळं नाही. माझ्या वेडालाही मर्यादा आहेत.

पावाचं गणित मात्र मला अनेक वर्षं उलटं वाटायचं. बिस्किट उघडं राहिलं की मऊ पडतं, पाव उघडा राहिला की कडक होतो. एकच हवा दोघांना दोन न्याय कसा देते? पाव वाळतो हे तर झालंच, पण नुसतं तेवढंच नाही. बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1852 सालीच दाखवून दिलं होतं, की पाव ओलावा बाहेर जाणार नाही असा बंद ठेवला तरी शिळा होतो, आणि गरम केला की पुन्हा मऊ होतो. भाजताना फुगून सैलावलेलं पीठ गार झाल्यावर हळूहळू परत आखडायला लागतं, त्याची ही करामत. फ्रिजच्या थंडाव्यात हे आखडणं अधिक वेगानं होतं. म्हणून पाव बाहेर ठेवावा किंवा सरळ फ्रीजरमध्ये टाकावा. मधल्या कप्प्यात ठेवलेला पाव ना धड मऊ ना धड कुरकुरीत. त्याला आमच्याकडे एकच गिऱ्हाईक. मी, टोस्ट करायला.

आणि खरवड. भाताच्या भांड्याच्या तळाला जो सोनेरी थर धरतो, तो. आमच्या लहानपणी खरवडीवरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या आणि आई भांडं मध्यभागी ठेवून चमचा तिसऱ्याच्याच हातात द्यायची. इराणात याच थराला तहदीग म्हणतात आणि तो मुद्दाम धरवतात, कोरियात नुरुंगजी, स्पेनमध्ये सोकार्रात. म्हणजे जिथे जिथे भात, तिथे तिथे तळ खरवडणारे आहेत. हे वाचलं त्या दिवशी मला नातेवाईक सापडल्यासारखं वाटलं. हल्ली भाताच्या भांड्यांना काही चिकटत नाही. ती भांडी ज्यानं शोधली त्याला खरवड आवडत नसणार.

आता विरोधी पक्षाबद्दल.

नवरा बिस्किट चहात बुडवून खातो. नुसतं बुडवत नाही, धरून ठेवतो. ते पडेल की काय या भीतीनं माझा जीव वर-खाली होतो आणि तो शांतपणे ओघळणारं बिस्किट जिभेवर घेतो. त्याच्याही बाजूनं शास्त्र आहे, हे शोधून काढून त्यानंच मला ऐकवलं. लेन फिशर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं चहा बिस्किटाच्या छिद्रांतून किती वेगानं चढतो याचा हिशोब वॉशबर्न यांच्या 1921 सालच्या समीकरणानं मांडला. निष्कर्ष असा, की बिस्किट आडवं धरून एकच बाजू भिजवावी. वरची बाजू कोरडी राहते, तिच्या आधारानं ते तुटत नाही. त्यांनाही 1999 साली इग नोबेल मिळालं. “बघ, तुझ्या माणसापेक्षा नऊ वर्षं आधी,” नवरा म्हणाला.

मी म्हटलं, “त्यांनीही एक बाजू कोरडीच ठेवायला सांगितलीय.”

त्यावर तो काही बोलला नाही. दुसरं बिस्किट घेतलं आणि उभं बुडवलं.

तर दीड महिना. चौथ्या आठवड्यात मी काकडीवर आले, बारीक कापून, उजव्या बाजूनं. करकरीतचा आधार मोठा असतो. कोरड्या कुरकुरीतासारखा तो पाणी गेल्यामुळे येत नाही, उलट पेशींत पाणी ठासून भरल्यामुळे येतो. मलूल पडलेली काकडी किंवा गाजर तासभर गार पाण्यात ठेवलं तर बऱ्याचदा परत ताठ होतं. रोज संध्याकाळी मी काकडीचे काप पाण्यात टाकून बसायचे आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेकडे बघायचे. चिप्सचा डबा मी स्वतःच्या हातानं वरच्या फळीवर, मागे, घट्ट झाकण लावून ठेवला होता. तारखेला उघडायचा म्हणून.

पाचव्या आठवड्यात एका रात्री पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, पण नवरा होता. डबा मांडीवर. मला आधी वाटलं, नुसताच बसलाय, कारण आवाजच नव्हता. मग दिसलं. तो एकेक चिप जिभेवर ठेवत होता, तोंड मिटत होता आणि ती मऊ पडेपर्यंत डोळे मिटून थांबत होता.

“काय करतोयस?” मी विचारलं.

त्यानं गिळलं. “तुला ऐकू जाईल म्हणून,” तो म्हणाला.

झाकण तिथेच ओट्यावर पडलं होतं, किती वेळ कोण जाणे. मी आधी ते लावलं.