तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॅन डाइक पार्क्सच का?

या माणसाचं एक तरी गाजलेलं गाणं सांग, आणि नसेल तर एवढं डोक्यावर का घेतलंयस, हे आता इतक्यांदा विचारून झालंय की एकदाच लिहून टाकतो. हा अमेरिकन गीतकार-संगीतकार; ब्रायन विल्सनच्या बीच बॉइज या बँडच्या 'स्माइल' अल्बमसाठी त्यानं शब्द लिहिले, तो अल्बम अर्धवट राहिला वगैरे तुम्हाला माहीत आहे, ते सोडतो.

गाजलेलंच हवंय ना? 'जंगल बुक'मधलं अस्वलाचं 'बेअर नेसेसिटीज' तुमच्या पोरांना पाठ आहे. गाणं टेरी गिल्किसनचं, अरेंजमेंट, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते ठरवणं, पार्क्सची. तेव्हा तो जेमतेम विशीचा, भाऊ नुकताच जर्मनीत वारलेला, आणि तो स्वतःच सांगतो की अंत्यविधीच्या खर्चाला हातभार म्हणून गिल्किसननं ते काम दिलं. पण अरेंजरचं नाव कोण वाचतं? शंकर-जयकिशनच्या व्हायोलिनमागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा होते हेही आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे.

पण तुमचा खरा आक्षेप शब्दांवर असतो, अर्थ लागत नाही म्हणता. हा आक्षेप त्याच्या तोंडावर घेतला गेलाय, १९६६च्या डिसेंबरात. 'स्माइल'मधल्या 'कॅबिनेसन्स' गाण्याचं रेकॉर्डिंग चाललेलं, ब्रायननं फोन करून त्याला स्टुडिओत बोलावलं, तिथे बँडचा गायक माइक लव्हनं कावळा आणि मक्याच्या शेताच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, याचा अर्थ काय? पार्क्स म्हणाला, मला माहीत नाही. झालं. ना भांडण ना बचाव, आणि पुढच्या काही महिन्यांत तो त्या प्रोजेक्टमधून बाजूलाच झाला. मी वर्षानुवर्षं लव्हला शिव्या घालायचो. आता वाटतं, ज्याच्या गळ्यातून ओळ जायची त्यानं विचारू नये का? आणि शेवटी त्यानं ती गायली, हेही खरं. पण मग वाटतं, कवीनं दर ओळीखाली टीप लिहायची का, आणि तेही ज्यांना समुद्र, गाड्या, पोरी यावरच्या गाण्यांचा अर्थ कधी विचारावा लागला नाही त्यांच्यासाठी? पार्क्सनं काहीतरी थाप मारली असती तर निभावलं असतं. मारली नाही. मला तो यासाठी आवडतो की याच कारणासाठी त्याचा राग येतो, ठरत नाही.

त्याचा स्वतःचा पहिला अल्बम 'साँग सायकल' आपटला हे मान्य. एवढा की वॉर्नर या त्याच्या रेकॉर्ड कंपनीनंच जाहिरात छापली, 'वर्षातल्या सर्वोत्तम अल्बम'वर आमचे ३५,५०९.५० डॉलर कसे बुडाले म्हणून. हुशार जाहिरात, पण ज्याचा अल्बम त्याला काय वाटलं असेल! आणि नाही, तो तिथे संपला नाही, तेवढं कृपा करून म्हणू नका. त्याचा हात लागलेली नंतरची कामं बघा: रँडी न्यूमन या गायकाचा पहिला अल्बम, त्रिनिदादच्या एसो स्टील बँडचं रेकॉर्ड, २००४मध्ये ब्रायनबरोबर पुरा केलेला 'स्माइल', आणि हार्पवादक गायिका जोआना न्यूसमचा २००६चा 'ईज', ज्यात हार्प आणि गळा आधीच रेकॉर्ड झालेला आणि त्यावर यानं आख्खा ऑर्केस्ट्रा लिहिला, तिच्या श्वासाला धक्का न लावता. जमवून दाखवा.

कुठून सुरू करू, हेही विचारता. 'साँग सायकल'पासून नको, पहिल्या दहा मिनिटांत मलाच शिव्या द्याल. त्याचाच १९७२चा 'डिस्कव्हर अमेरिका' लावा, बराचसा कॅलिप्सो, म्हणजे त्रिनिदादचं लोकसंगीत आहे, शब्द नाही कळले तरी चालतात.