अनोळखी ग्रुपबरोबर बर्फात

मंगळवार, रात्र

पोटऱ्या ठणकताहेत, पण आज लिहायचंच आहे. हातमोजे हीटरवर वाळताहेत. बुटांच्या आतलं अस्तर बाहेर काढून जरा लांब ठेवलंय. फार जवळ ठेवलं तर खराब होतं, असं शेजारच्या पलंगावरची मुलगी म्हणाली. शनिवारी बसमध्ये बसेपर्यंत मी तिला पाहिलंही नव्हतं.

एकटीने स्कीइंगच्या सहलीला निघायचं म्हटलं की आधी पैशाचा विचार करावा लागतो. टूरवाल्यांनी छापलेला दर दोघांत एक खोली धरून असतो. स्वतंत्र खोली हवी असेल तर 'सिंगल सप्लिमेंट' नावाचा जादा आकार भरायचा, नाहीतर अनोळखी माणसाबरोबर राहायची तयारी ठेवायची. मी दुसरा मार्ग घेतला तो निव्वळ खर्च वाचवायला. आठवडाही स्वस्तातला निवडला. युरोपात नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरलेली असते आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या लागलेल्या नसतात, त्या मधल्या जानेवारीत दर उतरतात. थंडी कडक आणि दिवस लहान, पण उतार मोकळे मिळतात. शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

काल रात्री माझ्या नडग्या इतक्या दुखत होत्या की मी कुणाशी बोलतही नव्हते. खोलीतल्या या मुलीने काही न विचारता स्वतःची उशी माझ्या पायांखाली सरकवली आणि परत आपल्या फोनकडे वळली. स्वतंत्र खोलीचे पैसे भरले असते तर खोलीत मी आणि माझ्या दुखऱ्या नडग्या, एवढंच असतं.

काटकसर खोलीत करावी, जेवणात करावी, बॅगेत करावी. जॅकेट-पँट कुणाकडून मागून आणली तरी चालते. तीन गोष्टींत मात्र करू नये असं माझं ठाम मत आहे: विमा, शिकवणी आणि बूट. विम्यात हिवाळी खेळांचा उल्लेख स्पष्ट हवा, कारण साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा ते धरलेले नसतात, आणि डोंगरावरून जखमी माणसाला खाली आणायचा खर्च फार मोठा असतो. बूट भाड्याने घेताना घाई करू नये. सरळ उभं राहिल्यावर पायाची बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की ती सुटली पाहिजेत. आत मोजा एकच, पातळ. दोन मोजे घातले की घडी पडते आणि पाय सोलवटतो. दुकानातला माणूस वजन, उंची, वय आणि स्की किती येतं ते विचारतो, त्याला खरं उत्तर द्यायचं. त्या आकड्यांवरून तो बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, बसवतो. पडल्यावर स्की पायातून वेळेवर सुटणार की नाही, हे त्यावर ठरतं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने सगळ्यांसमोर वजन सांगायला लाजून आकडा कमी सांगितला. मग तिची स्की उगीचच सुटायला लागली. दुपारी ती परत जाऊन नीट बसवून आली, तेव्हा थांबलं.

बुधवार

आज टी-बार. लोंबत्या दोरीला उलट्या 'टी'सारखा दांडा असतो. तो मांड्यांच्या मागे येतो आणि दोघांना बर्फावरून वर ओढत नेतो. हा प्रकार बराच जुना आहे, स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला १९३४ साली अर्न्स्ट कॉन्स्टाम या इंजिनिअरने अशी ओढणारी लिफ्ट सुरू केली. दांड्यावर बसायचं नसतं, त्याला नुसतं टेकून उभं राहायचं असतं. स्की सरळ, गुडघे सैल.

दांडा दोघांचा, आणि मी एकटी. रांगेत उभी राहिले तेव्हा पोटात कालवाकालव झाली. मागून एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या, दोन बोटं वर करून 'दोघी?' असं खुणेनेच विचारलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. दांडा आला, मागून हिसका बसला, आणि आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून निघालो. मी डावीकडे कलले की त्या किंचित उजवीकडे भार द्यायच्या. वर पोहोचेपर्यंत बोलणं काहीच झालं नाही, भाषाही एक नव्हती. वर त्यांनी दांडा सोडला, हात केला आणि काळ्या, म्हणजे अवघड उताराकडे निघून गेल्या. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. एकट्याने आलेल्यांची तिथे सोयच असते: खुर्चीच्या लिफ्टला अनेक ठिकाणी एकट्यांची वेगळी रांग असते आणि रिकाम्या जागा भरायला त्यांना पुढे घेतात.

युरोपात उतारांचे रंग ठरलेले: हिरवा किंवा निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन आणि पत्त्यांत असते तशी काळी चौकट. पण रंग त्या डोंगरापुरताच खरा. एकीकडचा निळा दुसरीकडच्या लालइतका उभा निघू शकतो, म्हणून नव्या जागी पहिली फेरी सोप्यावरच मारावी.

गुरुवार

आज दुपारी क्लास सुटल्यावर ग्रुपमधले चौघे लाल उतारावर निघाले. 'चल ना गं, काही होत नाही, आम्ही आहोत ना!' असं त्यांनी मला म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. मला जावंसं वाटलं ते उताराच्या ओढीने नाही, त्यांच्यातलं व्हायचं म्हणून. एकट्याने आलेल्या माणसाला हाच धोका सगळ्यात जास्त. मित्रांबरोबर आलेला सहज 'मला नाही जमणार' म्हणतो. एकट्याला वाटतं, आज नाही म्हटलं तर उद्या विचारणार नाहीत.

मी नाही म्हटलं. उजेड मंदावला होता, बर्फाचे उंचवटे दिसेनासे झाले होते आणि मला अजून वळणावर वेग आवरत नाही. निळ्यावरच फेऱ्या मारल्या. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे आचरणाचे दहा नियम लिफ्टच्या खांबाजवळ लावलेत, ते आज सावकाश वाचले. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळून मार्ग निवडायचा, हा तिसरा. अपघात झाला तर प्रत्येकाने मदत करायची, हा नववा. तो वाचून एकटीने उतरताना भीती पुष्कळ कमी झाली, कारण मदतीला आपला ग्रुपच जवळ असला पाहिजे असं नाही.

संध्याकाळी चौघेही जेवायच्या टेबलावर भेटले. 'तू कुठे होतीस?' म्हणून विचारलं, मी निळ्यावरच्या फेऱ्यांचं सांगितलं, ते त्यांच्या पडण्याचं सांगत बसले. कुणाचंही काही बिनसलं नव्हतं. एकाने तर उद्या सकाळी माझ्याबरोबर निळ्यावर यायचं ठरवलंय, त्याचा गुडघा कुरकुरतोय.

उद्या शेवटचा पूर्ण दिवस. साडेनऊला लिफ्टच्या पायथ्याशी भेटायचं, क्लासच्या आधी दोन फेऱ्या होतात का बघायचं. क्रीम विसरायचं नाही. ताजा बर्फ अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, आणि आज माझं नाक त्यानेच भाजलंय.