बोरीबंदरचा पिंपळ

संवर्धनाच्या कामात मी नवखी असताना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीची पावसाळ्यापूर्वीची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. मे महिन्याच्या त्या सकाळी परांचीवर उभे राहिल्यावर समोर महापालिकेची इमारत दिसत होती. तीही या टर्मिनसचे वास्तुरचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचीच. खालच्या गर्दीतून वर्षानुवर्षे जाताना मात्र मी या भिंतींकडे कधी मान वर करून पाहिले नव्हते.

१८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे हे बांधकाम चालले. त्याआधी येथे बोरीबंदरचे साधे स्थानक होते आणि १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला जाणारी पहिली गाडी तेथूनच सुटली. नव्या इमारतीवरील पानेफुले, मोर, माकडे यांच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. शोभेचे म्हणून आपण पाहतो ते दगडी प्राणीही सगळेच निव्वळ शोभेचे नाहीत. त्यांतील काहींच्या जबड्यातून छपरावरचे पाणी भिंतीपासून दूर फेकले जाते.

अशाच एका पन्हळीशेजारच्या सांध्यात वीतभर पिंपळ उगवला होता. मी वहीत लिहिले, ‘रोप उपटणे, सिमेंटने दर्ज (दगडांमधली फट) भरणे.’ माझ्याबरोबरच्या वयस्कर मिस्त्रींनी ते वाचले आणि ते म्हणाले, “ताई, हे उपटलंत तर दगडही हातात येईल. आणि सिमेंट तर नकोच.”

रोप वीतभर असले तरी मुळे आत किती गेली आहेत ते बाहेरून कळत नाही, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. सिमेंटचे कारण मी नंतर वाचून समजून घेतले, जे खरे तर आधीच ठाऊक असायला हवे होते. चुना ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती अडवते. सांध्यातून वाट न मिळालेली ओल मग शेजारच्या मऊ दगडातून बाहेर पडते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे पिंपळापासून वाचवलेला मोर माझ्या दुरुस्तीने झिजला असता.

वहीतली ओळ मी तिथेच खोडली. मिस्त्रींनी रोप बुंध्याशी कापले, खुंटावर औषध लावले आणि सांधा तसाच ठेवला. खुंट पूर्ण वाळायला दोन पावसाळे गेले. त्यानंतर ती दर्ज आम्ही चुन्याने भरली.