कोठी कुठी ठेवतं रे?

मागच्या पावसाळ्यात आमच्या सैपाकघराची फरशी फुगली. म्हणजे खरंच फुगली, परसदाराजवळच्या दोन फरश्या अशा वर आल्या का दार अर्धंच उघडायचं आणि भरलेला पाण्याचा गुंड घेऊन आत यायचं तर आडवं होऊन यावं लागायचं. उन्हाळ्यात त्याच फरश्या खाली बसल्या आणि कोपऱ्यात एवढी भेग पडली की चमचा पडला तर गेलाच समजा. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. काळी कन्हार जमीन, पाणी प्यायली का फुगते, वाळली का आकसते, कपाशीला चालते पण तिच्यावर नुसती रेती पसरून फरशी बसवली तर हे होणारच. आमच्या सासऱ्यांनी तशीच बसवली होती, त्या काळी सगळेच बसवायचे.

तर ठरलं की यंदा कापूस विकला का सैपाकघर नव्याने करायचं, आणि करायचंच आहे तर बाजूची न्हाणी पण, संडास आत घ्यायचा, कारण आईंचे म्हणजे सासूबाईंचे गुडघे आता रात्री परसात जायला नाही म्हणतात. सैपाकघर १० बाय १२, न्हाणी ५ बाय ८. माझा भाचा अमरावतीला पॉलिटेक्निकला सिव्हिल करतो, त्याने दोन दिवसांत मोबाईलवर नकाशा करून पाठवला. दिसायला एकदम झकास. एल आकाराचा ओटा, खिडकीखाली सिंक, कोपऱ्यात फ्रिज, वरून कपाटं. मग घरी आला आणि आम्हाला बसवून त्रिकोण समजावला, की गॅस, सिंक आणि फ्रिज यांच्यातलं एकेक अंतर ४ ते ९ फूट पाहिजे, कमी असलं तर अडचण आणि जास्त असलं तर बाईची नुसती पायपीट. त्याच ओघात त्याने जर्मनीतल्या फ्रँकफर्टची गोष्ट सांगितली. तिथे १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या बाईने रेल्वेच्या डब्यातल्या किचनसारखं आटोपशीर सैपाकघर बनवलं, साधारण सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फूट, सगळं हाताशी, आणि आजचे मॉड्युलर किचन म्हणे तिथूनच सुरू झाले. मी नंतर तिच्याबद्दल शोधून वाचलं तर बाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय की तोवर त्यांनी स्वतः कधी सैपाक केलेला नव्हता! मला तर फार मजा वाटली.

आई तेवढा वेळ चुपचाप ऐकत होत्या. मग चष्मा लावून मोबाईल जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला, आणि विचारलं, "कोठी कुठी ठेवतं रे बापू?"

भाचा गप. "कोणती कोठी आजी?"

"ज्वारीची. दोन क्विंटल ज्वारी काय तुह्या फ्रिजात ठेवू?"

हसलो सगळे, पण खरंच कोठी नव्हती नकाशात. प्यायच्या पाण्याचे गुंड नव्हते, सिलिंडर नव्हता, आणि आई खाली बसून भाकरी थापतात ती जागा नव्हती. आमच्याकडे शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं पण रोज येत नाही, आलं का सगळं भरून ठेवावं लागतं, मग गुंड आणि पिंप कुठे जाणार? नकाशा चुकीचा नव्हता, एकटी बाई उभी राहून चार माणसांचा सैपाक करते अशा घराचा होता. आमच्याकडे दोघी-तिघी असतात, एक खाली बसलेली, एक पाणी आणणारी, आणि दाराशी कोणीतरी चहा मागत उभं.

मग मी जे केलं ते कोणाचं ऐकून नाही, सुचलं तसं केलं. शाळेत कबड्डीच्या ग्राउंडची उरलेली फक्की होती ती मागून आणली आणि परसातल्या मोकळ्या जागेत अख्खं सैपाकघर आणि न्हाणी खऱ्या मापाची आखली. भिंतींच्या जागी तुराट्या आडव्या टाकल्या, ओट्याच्या जागी दोन खाटा, फ्रिजच्या जागी पत्र्याची पेटी, आणि कोठीच्या जागी खरीच कोठी, दोघांनी लोटत आणली. हे शेतातून आले आणि पाहून म्हणाले, "हे काय, भातुकली?" म्हटलं हो, आणि तुम्हीच पहिले पाणी भरायचं, घ्या गुंड.

आणि पंधरा मिनिटांत सगळं बाहेर पडलं. आई परात घेऊन त्यांच्या जागी बसल्या, मी गुंड घेऊन मागून निघाले तर आई ओरडल्या, "अवं तुहा पदर माह्या परातीत!" कागदावर ओट्यापुढे ३ फूट मोकळं होतं, भाचा म्हणे भरपूर आहे, पण ते ३ फूट उभ्या माणसाचे. खाली मांडी घालून बसलेली बाई आणि तिची परात मिळूनच तेवढं खातात, मागून जायला काही उरत नाही. फ्रिजचं दार म्हणजे पेटीचं झाकण उघडलं का परसदाराची वाट बंद. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कोठी ३४ इंच, दाराची चौकट ३० इंच! म्हणजे नवीन दार बसवल्यावर कोठी आत गेलीच नसती. हे कोणत्या ॲपवर दिसणार होतं सांगा.

चार दिवस ती फक्की तशीच ठेवली. शेजारपाजारच्या बाया येऊन चालून गेल्या आणि प्रत्येकजण एक मत देऊन गेली, आग्नेय, ईशान्य, अमकं ढमकं, मी सगळ्यांना हो म्हटलं. एका काकूंचं मात्र पटलं. त्या म्हणाल्या पश्चिमेच्या भिंतीला गॅस लावू नको, मे महिन्यात दुपारी ती भिंत आधीच तव्यासारखी असते आणि तू तिच्यासमोर फोडणी देशील. गॅस पूर्वेला गेला. एल मोडला आणि सरळ एकाच भिंतीला ९ फूट ओटा केला, समोरची भिंत कोठी, गुंड आणि आईंची, दार ३८ इंच. ओट्याची उंची मिस्त्री ३२ म्हणत होता, कारण तो सगळीकडे ३२ च करतो. मी कोपर वाकवून कोपरापासून पाच-सहा इंच खाली मोजलं तर मला ३४ बसलं. सिलिंडरसाठी खाली उभी जागा ठेवली, आणि त्या कप्प्याला दार न लावता मोकळंच ठेवलं, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, कपाटात कोंडून ठेवायची वस्तू नाही ती.

मग जमीन. दीड फूट खोदून काळी माती काढली आणि मुरूम भरला. १० बाय १२ ला दीड फूट म्हणजे १८० घनफूट, १०० घनफुटांचा एक ब्रास, तर पावणेदोन ब्रासच्या थोडं वर, पण ठोकल्यावर बसतो म्हणून अडीच मागवला. मिस्त्रीला सगळा एकदमच टाकून वरून पाणी मारायचं होतं, भांडून भांडून सहा-सहा इंचाचे थर करायला लावले, दर थराला पाणी मारून धुम्मसने ठोकायचं. दुसरं भांडण पाण्यावरून. बोअरचं पाणी आमच्याकडे खारं, तोंडात धरवत नाही, आणि हा त्यानेच काँक्रीट कालवायला निघाला. जुन्या न्हाणीच्या भिंती त्याच पाण्याच्या, दरवर्षी पांढरा खार फुटतो आणि प्लास्टरचे पापुद्रे पडतात, हाताने दाखवलं त्याला. मग नळाचं पाणी साठवून साठवून वापरलं, तराईला म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायलासुद्धा तेच, सात दिवस, घरात भांडे घासायला पाणी नाही आणि फरशी मात्र भिजून राहिली.

न्हाणीचा आराखडा फक्कीवर सोपा निघाला. कमोड दाराजवळ, आंघोळीची जागा आत टोकाला, म्हणजे रात्री आईंना ओल्यातून जावं लागणार नाही. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत १५ इंच तरी पाहिजे आणि पुढे २ फूट, आईंना खुर्चीवर बसवून उठवून पाहिलं तेव्हा १८ ठेवले. दार बाहेर उघडणारं, आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. उंबरठा नाही.

एवढं सगळं करून चूक झालीच, आणि चूक माझीच. कमोड एस ट्रॅपचा, पाइप फरशीत जातो, भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत ९ इंच. मी कागदावर ९ लिहून दिलं. कुठून ९ ते लिहिलं नाही. मिस्त्रीने विटेपासून मोजलं, वरून प्लास्टर आलं, मसाला आला, टाईल आली आणि राहिले साडेसात. कमोड आणून ठेवला तर टाकी भिंतीत घुसायला पाहते. नवंकोरं काँक्रीट फोडताना ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी पण नाही.

उतार मात्र मी सोडला नाही. १०० ला १ म्हणतात, ८ फुटांत साधारण १ इंच, दारापासून आतल्या नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे. मिस्त्री म्हणे लेव्हल नळीने पाहिलंय ताई, झालं. मी पोराकडून एक कंचा घेतला आणि दाराशी ठेवला. चालला, चालला, मधल्या टाईलवर आला, जरा थांबला, आणि हळूच डावीकडे वळून कमोडमागच्या कोपऱ्यात जाऊन बसला. परत ठेवला. परत तिथेच. मग बादली ओतली तर पाणी पण तिकडेच, कंच्याभोवती तळं. मिस्त्री बराच वेळ तसाच बसून पाहत होता, मग काही न बोलता थापी घेतली आणि चार टाईल उचलल्या. टाईलच्या फटींत ग्राउट भरायच्या आधी होतं म्हणून उचलता आल्या. कंचा अजून न्हाणीच्या खिडकीत आहे.

सैपाकघराला २ बाय २ च्या टाईल लागल्या, पेटीत ४ म्हणजे १६ चौरस फूट, हिशोबाने साडेसात पेट्या होतात, ९ आणल्या, तुटफूट धरून एक पेटी उरली ती खाटेखाली ठेवलीय. आईंच्या जागी टाईल नाही, त्यांना घसरते, तिथे ४ बाय ४ कोटा फरशी घातली, पॉलिश न करता. ओट्यामागच्या भिंतीला टाईल राहिल्या आहेत, त्या आता पुढच्या कापसावर. कोठी आत गेली, ३८ च्या दारातून दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच राखून. आईंनी लोटायला हात लावला आणि आत गेल्यावर तिच्यावर पहिलं काय ठेवलं असेल, तर भाच्याचा फोन, म्हणे चार्जिंगला इथी बरं हाय.